कुत्र्याच्या पिल्लाची अन्नराखण व तिचा प्रतिबंध

खाणे, हाड किंवा तोंडात धरलेली एखादी वस्तू कोणी घेऊन जाईल या धास्तीने कुत्रे ती अडवून बसते, जवळ येणाऱ्यावर गुरगुरते आणि प्रसंगी चावते. या वर्तनाला अन्नराखण म्हणता येईल. सातारा-सांगलीकडे ‘ताटलीवर गुरगुरतंय’ एवढ्या शब्दांत त्याची तक्रार होते. हे वर्तन मुळात विकृती मानण्याचे कारण नाही, कारण हाती लागलेला घास सहज सोडणारा प्राणी रानात उपाशीच राहिला असता. मात्र लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा ग्रेट डेन यांच्या पिल्लात त्याकडे काणाडोळा करून चालत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या ज्या गुरगुरण्याचे घरात कौतुक होते, तेच वर्षभरात तीस-चाळीस किलोंच्या जनावराचे गुरगुरणे होते आणि त्याचे तोंड लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीला येते.

सवयीची सुरुवात पुष्कळदा आईजवळ असतानाच होते. आठ-दहा पिल्लांपुढे एकच परात ठेवली, की जे रेटून खाते त्याचे पोट भरते. पुढे मळ्यातल्या वस्तीवर आल्यावर कोंबड्या ताटलीत चोच मारतात, मांजर दुधावर टपलेले असते आणि बांधावरून एखादे भटके कुत्रे वास काढत येते. जंत झालेल्या पिल्लाची भूक तर भागतच नाही. या सगळ्यात माणसे भर घालतात ती निराळीच. ‘मालक कोण ते त्याला कळलं पाहिजे’ म्हणून खात्या पिल्लासमोरची ताटली ओढून घ्यायची किंवा कालवलेल्या भाकरीत हात घालून ढवळायचे, ही रीत सर्रास दिसते आणि सर्वांत मोठी चूक हीच होय. हात आला की घास जातो, एवढेच पिल्लू त्यातून शिकते.

प्रतिबंधाचा पाया याच्या नेमका उलट आहे: माणूस जवळ आला की ताटलीत भर पडते, असा पिल्लाचा अनुभव असला पाहिजे. साधारण ३ ते १४ आठवडे या वयात असे अनुभव सर्वांत खोल रुजतात, म्हणून पिल्लू घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी. प्रथम थोडे खाणे तळहातावरून भरवावे. नंतर पिल्लू पडवीत आपल्या ताटलीत खात असताना चार-पाच पावलांवरून सहज चालत जावे, जाता जाता उकडलेल्या कोंबडीचा हाड काढलेला तुकडा ताटलीकडे टाकावा आणि न थांबता, न बोलता पुढे जावे. काही दिवसांनी पावलांची चाहूल लागताच पिल्लू ताटलीतून मान वर काढते, अंग सैल असते आणि शेपटी हलू लागते. ही खूण दिसल्यावरच अंतर कमी करावे. पुढे ताटलीला हात लावून तुकडा आत टाकावा, आणि अखेरीस ताटली क्षणभर उचलून त्यात अधिक चांगले काही घालून लगेच परत ठेवावी. रोज चार-दोन वेळा पुरे. एरवी त्याला स्वस्थ खाऊ द्यावे, कारण दर घासाला होणारी चाचणी हाही एक छळच आहे.

तोंडातली वस्तू सोडवण्यासाठी अदलाबदल करावी. पिल्लाने चप्पल पळवली की सगळे घर त्याच्यामागे धावते. पिल्लाला तो खेळ वाटतो, नाहीतर ते मिळेल ते घाईने गिळू लागते. त्याऐवजी नाकाशी तुकडा धरून, तोंड उघडताच ‘सोड’ म्हणावे, तुकडा द्यावा आणि शक्य असेल तेव्हा वस्तूही परत द्यावी. हे तुकडे दिवसाच्या खाण्यातूनच वजा करावेत, कारण मोठ्या जातीचे पिल्लू फार झपाट्याने वाढवले तर हाडे व सांधे बिघडतात. वाढ चांगली व्हावी म्हणून आपल्या मनाने दिलेले जादा कॅल्शियमही घातकच ठरते. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी खाणे मिळाल्यास अधाशीपणा बराच आटोक्यात राहतो.

गावच्या यात्रेत घर पाहुण्यांनी आणि मुलांनी भरलेले असते आणि मटणाची हाडे अंगणात पडलेली असतात. अशा दिवशी शिकवणुकीच्या भरवशावर न राहता पिल्लाला निराळ्या खोलीत, दार लावून खाऊ घालावे. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात, ती मुळीच देऊ नयेत. घरात दोन कुत्री असतील तर दोघांच्या ताटल्या एकमेकांच्या नजरेआड ठेवाव्यात.

पहिली लक्षणे गुरगुरण्याच्या आधीची असतात. कोणी जवळ येताच पिल्लू एकाएकी भराभर खाऊ लागते, ताटलीवर मान आडवी धरते, ताठरते किंवा मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहते. त्या क्षणी दोन पावले मागे सरावे आणि दुसऱ्या दिवशी अधिक लांबून सुरुवात करावी. गुरगुरले म्हणून मारू नये. मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे सोडते, भीती मात्र तशीच राहते आणि पुढे ते इशारा न देता चावते. पूर्वी शांत असलेले पिल्लू अचानक ताटली राखू लागले तर दात, कान किंवा पोट दुखत नाही ना, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि पिल्लाला रेबीजची लस दिलेली असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.