बोट मेल (भारत–सिलोन रेल्वे-जलमार्ग)

मद्रास ते कोलंबो हा प्रवास एकाच तिकिटावर, मधला समुद्र आगबोटीने ओलांडून घडवणारी रेल्वेसेवा ‘बोट मेल’ किंवा ‘इंडो-सिलोन एक्सप्रेस’ या नावाने ओळखली जात असे. आरंभी गाडी तुतिकोरिनपर्यंत धावे आणि तेथून प्रवासी आगबोटीने थेट कोलंबो गाठत. हा लांबचा समुद्रप्रवास टाळण्यासाठी साउथ इंडियन रेल्वेने रामेश्वरम बेटाच्या टोकावरील धनुष्कोडीपर्यंत रूळ नेले, तर पलीकडे मन्नार बेटावरील तलैमन्नारपर्यंत सिलोनची (आजच्या श्रीलंकेची) रेल्वे आली. १९१४ पासून पाण्यावरचा टप्पा जेमतेम ३५ किलोमीटरांचा उरला.

बेटावर रूळ नेण्यासाठी बांधलेला पांबन पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीस खुला झाला. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या या पुलाचा जहाजांसाठीचा गाळा दोन पाखांचा होता आणि कामगार दांडे फिरवून ती पाखे हातानेच उचलत. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल बंद होऊन गाडी थांबवली जाई.

या मार्गाची खरी करामत मात्र पुलापेक्षा धनुष्कोडीच्या धक्क्यावर दिसे. गाडी धक्क्यापर्यंत जाई, प्रवासी सामानासह उतरत, तपासणी होऊन बोटीवर चढत आणि तलैमन्नारला दुसरी गाडी त्यांच्यासाठी उभी असे. डबे बोटीवर चढवून पलीकडे नेण्याचा मार्ग येथे खुला नव्हता, कारण दक्षिण भारतातील ही लाईन मीटर गेजची (अरुंद रुळांची), तर सिलोनची मुख्य रेल्वे पहिल्यापासून ब्रॉड गेजची (रुंद रुळांची) होती. रामसेतूच्या उथळ वाळूपट्ट्यांवरून रूळ टाकण्याचा विचार त्या काळी झाला होता. तो अमलात आला असता तरी गाडी कुठे ना कुठे बदलावीच लागली असती.

चहाच्या मळ्यांवर जाणारे तमिळ मजूर ही या मार्गाची मोठी गिऱ्हाइकी होती. सिलोन सरकारने त्यांच्यासाठी भारताच्या किनाऱ्यावरच, मंडपम येथे क्वारंटाईन छावणी चालवली होती. साथीचे रोग सिलोनमध्ये पोहोचू नयेत म्हणून मजुरांना तेथे अडवून, तपासून मगच पुढे सोडले जाई. पहिल्या वर्गातील साहेबाचा प्रवास आणि मजुराचा प्रवास एकाच रुळांवरून होत असला, तरी तो एकच प्रवास होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पुढे हीच छावणी श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या वाट्याला आली.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव, स्थानक आणि धक्का उद्ध्वस्त केला. पांबनहून धनुष्कोडीकडे निघालेली पॅसेंजर गाडी लाटांनी गिळली आणि तिच्यातील शंभराहून अधिक माणसे दगावली. पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले, उचलता गाळा मात्र टिकला. पुढे कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन त्या वेळी तरुण अभियंता होते. मच्छीमारांनी समुद्रतळाशी शोधून दिलेले गर्डर वर काढून बसवत त्यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा सुरू केला. धनुष्कोडी मात्र सरकारने वस्तीस अयोग्य ठरवले आणि तिथले रूळ पुन्हा टाकले गेले नाहीत.

यानंतरही रामेश्वरम ते तलैमन्नार अशी बोट चालू राहिली. ती १९८० च्या दशकात श्रीलंकेतील यादवी युद्धामुळे बंद पडली आणि १९९० मध्ये मन्नारकडची रेल्वेही उखडली गेली. वादळाने मोडलेला पूल काही आठवड्यांत उभा राहिला होता. युद्धाने मोडलेल्या रेल्वेला पंचवीस वर्षे लागली. भारताच्या ‘इरकॉन’ या सरकारी रेल्वेबांधणी कंपनीने ती पुन्हा बांधली आणि १४ मार्च २०१५ रोजी तलैमन्नारपर्यंत गाडी धावली. इकडे २००७ मध्ये पांबन पूल ब्रॉड गेज झाला होता. म्हणजे दोन्ही बाजूंचे रूळ एकाच मापाचे झाले तेव्हा त्यांच्यामधली बोटच उरली नव्हती.

पूल वा बोगद्याची कल्पना अधूनमधून वर येते. २००२ च्या सुमारास श्रीलंकेचे तेव्हाचे पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांनी ती मांडली, २०१५ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी संसदेत तिचा उल्लेख केला आणि २०२३ मध्ये दोन्ही देशांनी जमिनीवरील जोडणीची व्यवहार्यता तपासण्याचे ठरवले. श्रीलंकेतून आक्षेपही तितक्याच नेमाने उमटतात. रामेश्वरम–धनुष्कोडी लाईन पुन्हा टाकण्यासाठी २०१९ मध्ये पायाभरणी झाली होती, पण तमिळनाडू सरकारच्या पर्यावरणविषयक हरकतींमुळे काम पुढे सरकले नाही.

उभा उचलला जाणारा गाळा असलेला नवा पांबन पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला. त्यावरून गाड्या रामेश्वरमपर्यंत जातात. चेन्नई–रामेश्वरम गाडीला लोक अजून ‘बोट मेल’च म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेली प्रवासी बोट मात्र जुना मार्ग सोडून तमिळनाडूतील नागपट्टिनम ते श्रीलंकेतील कांकेसंतुरै अशी जाते. रेल्वेस्थानक या दोन्ही गावांत आहे.