फॅमिली डॉक्टर (खानदेश) : नेतृत्व आणि अध्यापन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत एकाच घरातील आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना तपासणारा सामान्य व्यावसायिक डॉक्टर. लोक त्याला दवाखान्यावरून ओळखतात. मात्र डॉक्टरांच्या संघटना चालवणे आणि नवशिक्या डॉक्टरांना घडवणे ही कामेही या भागात बरीचशी त्याच्याच अंगावर पडली. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या अंगाविषयी आहे.

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील अनेक डॉक्टर १९१२ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एलसीपीएस ही पदवीहून कमी मुदतीची अर्हता घेऊन व्यवसाय करीत. देशातील आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अशा कमी मुदतीच्या अर्हतांऐवजी एकाच पदवीचा आग्रह धरला आणि पुढे एमबीबीएस रूढ झाली. खानदेशात मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येईपर्यंत विद्यार्थ्याला मुंबई, पुणे किंवा औरंगाबाद गाठावे लागे. परतल्यावर तो एखाद्या जुन्या डॉक्टरांकडे काही महिने ‘बसत’ असे. या बसण्याला ना प्रमाणपत्र होते ना विद्यावेतन, पण खरे शिक्षण तिथेच होई.

उदाहरणार्थ, पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण आला की कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. कपाशीवर कीटकनाशक फवारून आलेला, घामाने भिजलेला, तोंडाला फेस आलेला आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला शेतमजूर आला, तर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन द्यायचे. पण किती, हे बाहुल्यांवरून नव्हे, छातीतला घरघराट थांबण्यावरून ठरवायचे. पुस्तकात हे सारे असते. रात्री अकराला, सोबत फक्त कंपाउंडर असताना ते कसे करायचे, हे शेजारी उभे राहूनच कळते. सातपुड्याच्या पट्ट्यात त्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर पडते : भिल्ल किंवा पावरा कुटुंबातले मूल वारंवार हाडे दुखतात म्हणून येत असेल, तर संधिवात म्हणून गोळ्या देण्याआधी सिकलसेल ओळखणारी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी करावी, हा तिथला पहिला धडा.

संघटनात्मक नेतृत्वाची वाट इंडियन मेडिकल असोसिएशनच्या गावोगावच्या शाखांमधून जाते : आधी शाखेचा सचिव, मग अध्यक्ष, पुढे राज्य शाखेचे पद आणि एखाद्याच्या बाबतीत महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची निवडणूक. शाखेचे मुख्य शैक्षणिक काम म्हणजे रविवारची सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाची व्याख्याने. परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते व त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे हजेरी चांगली असते. जेवणानंतरच्या सत्राची गोष्ट वेगळी. याच असोसिएशनने १९६३ मध्ये कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स स्थापन करून फॅमिली डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाची सोय केली. या पेशातली मोठी संख्या आयुर्वेद व होमिओपॅथी पदवीधरांची असून त्यांच्या संघटना स्वतंत्र आहेत. राजकारणातही खानदेशातील डॉक्टर दिसतात : नंदुरबारचे डॉ. विजयकुमार गावित राज्याचे वैद्यकीय शिक्षणमंत्री होते, तर कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुभाष भामरे २०१४ मध्ये धुळ्याचे खासदार झाले.

जळगावला २०१८ मध्ये व नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय महाविद्यालये सुरू झाल्याने आता तिन्ही जिल्ह्यांत अशी सोय आहे. तरीही फॅमिली डॉक्टरांना त्यात औपचारिक स्थान जवळपास नाही, कारण अध्यापकपदाला पदव्युत्तर पदवी लागते आणि कुटुंबवैद्यकातील एमडीच्या जागा देशभरातच तुटपुंज्या आहेत. नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या घरी जावे लागते. नंदुरबारच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला भिली किंवा पावरी बोलणारा पाडा येऊ शकतो, आणि तिथे पोटदुखी नेमकी कधीपासून, हे विचारायला शिकवू शकेल असा माणूस बहुधा तालुक्याच्या दवाखान्यातच सापडतो. त्याला मानद अध्यापक म्हणून बोलावले, तर हा कार्यक्रम निव्वळ फॉर्म भरण्यापुरता उरणार नाही.