डोमेन नावं घेऊन विकायचा धंदा आला कुठून

८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हापासून आमच्या वाशी-नेरूळकडे जो तो विचारतोय, उलवे नाहीतर पनवेल नावात असलेलं एखादं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आत्ताच घेऊन ठेवलं तर पुढे चांगल्या भावाला जाईल का. जाईलही, पण आधी या धंद्याचा इतिहास बघा, कुठलं नाव गिऱ्हाईक आणतं आणि कुठलं वकिलाची नोटीस ते त्यातच कळतं.

पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५चं, सिम्बॉलिक्स डॉट कॉम. पुढची दहा वर्षं नाव चक्क फुकट मिळायचं, पण घेणारे फारसे नव्हते, आपल्याकडे तर सामान्य माणसाला इंटरनेटच १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने दिलं, आणि पुढच्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत ही नावं नोंदवणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. पैसे लागले तरी झुंबड वाढतच गेली. बिझनेस डॉट कॉम १९९७ला दीड लाख डॉलरला घेतलं गेलं आणि १९९९ला ७५ लाखांना विकलं गेलं, ही बातमी झाल्यावर कोण थांबतंय!

यातच दोन जाती पडल्या. एक साध्या रोजच्या शब्दांवर पैसे लावणारे, दुसरे दुसऱ्याचा ब्रँड अडवून खंडणी मागणारे. या दुसऱ्यांसाठी १९९९ला आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, तंटे सोडवायची पद्धत आणली. आणि त्याच वर्षी आपल्या मुंबई हायकोर्टात रेडिफ या वेबसाइट कंपनीची केस झाली, समोरच्याने 'रॅडिफ' असं एका अक्षराच्या फरकाने नाव घेतलं होतं, कोर्टाने स्पष्ट सांगितलं की डोमेन म्हणजे नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे. २००४ला सिफी या इंटरनेट कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. माझ्या मते आपल्याकडे हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन निकाल वाचलेच पाहिजेत.

भारताचं डॉट इन सगळ्यांना सहज मिळायला लागलं २००५पासून. २०१४ला देवनागरीत डॉट भारत आलं, मराठीतसुद्धा, मला ते मनापासून आवडतं, पण विकायला गेलात तर गिऱ्हाईक अजून डॉट कॉम आणि डॉट इनच मागतं.

मग निवडायचं काय? गाव अधिक धंदा. ठाणे आणि कॅटरिंग, पनवेल आणि गोदाम असं. फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर टाइप करता आलं पाहिजे, कोपरखैरणे घ्या, इंग्रजीत कोणी जोडून लिहितं कोणी तोडून, स्पेलिंगही दहा प्रकारची, असलं नाव खपणं कठीण. विमानतळाच्या अधिकृत नावाला तर हातच लावू नका.

जुन्या नावांवरही लक्ष ठेवता येतं, पण डॉट कॉमची मुदत संपली की ते लगेच मोकळं होत नाही, रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, जास्तीत जास्त ४५ दिवस, मग ३० दिवस जुन्या मालकाला दंड भरून सोडवायची सोय, मग आणखी ५ दिवस, त्यानंतरच सुटतं, आणि चांगलं असेल तर सुटताक्षणी कोणीतरी सॉफ्टवेअर लावून उचलतं. पैसे भरायच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर पब्लिक सर्च करा, फुकट आहे, आणि त्या नावावर पूर्वी काय चालायचं तेही वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या साइटवर, बघून घ्या.