खान्देशात कामगारांचा वकील : पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधला नवा वकील कामगारांचीच बाजू चालवायची असं ठरवतो, तेव्हा त्याची पहिली फाइल बहुतेक वेळा युनियनच्या कार्यालयातून येते. ज्येष्ठाच्या हाताखाली बसायचं, काही वर्षं तारखा घ्यायच्या आणि मग स्वतःचं वकीलपत्र दाखल करायचं, ही दिवाणी-फौजदारीची रीत या कामात पुरती चालत नाही. त्याचं कारण कायद्यातच आहे.

गिरण्यांचा काळ थोडक्यात सांगतो. जळगावची मिल 1870च्या दशकातली. अमळनेर, धुळे, चाळीसगावच्या नंतर आल्या. 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणीत एकच प्रातिनिधिक युनियन मानली आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मुख्यतः तिलाच दिला. पुढे साखर कारखानेही याच कायद्याखाली आले. वाटाघाटी, करार, तक्रार हे सगळं युनियनचे पुढारीच करत. त्यातल्या कित्येकांना कलमं तोंडपाठ असत, पण अंगावर काळा कोट नसे.

इतर कारखान्यांसाठी 1947चा औद्योगिक विवाद कायदा होता. त्यातल्या कलम 36ने वकिलाला जवळजवळ दाराबाहेरच ठेवलं. समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, वकील चालतच नाही. कामगार न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात चालतो, पण समोरच्या पक्षाची संमती हवी आणि न्यायालयाची परवानगीही हवी. कामगार मात्र आपल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यामार्फत हक्काने बाजू मांडू शकतो. हेतू चांगला होता. मालक बडा वकील लावील, कामगाराला तो परवडणार नाही, म्हणून दोघांनाही वकिलाविना बोलू द्यावं.

प्रत्यक्षात काय झालं, ते पारादीप बंदराच्या खटल्यात दिसतं. हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली दिला. बंदराच्या व्यवस्थापनाला स्वतःचा वकील उभा करायचा होता आणि युनियनने हरकत घेतली. न्यायालयाने युनियनची हरकत मान्य केली : वकील कायद्यातल्या सर्वसाधारण अधिकारापेक्षा कलम 36 वरचढ, आणि नुसतं मुखत्यारपत्र हातात ठेवून प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला आत येता येणार नाही. पण त्याच निकालात दोन दारं उघडी राहिली. वकील असलेला माणूस युनियनचा किंवा मालक-संघटनेचा खराखुरा पदाधिकारी असेल, तर त्याला संमती लागत नाही. आणि कंपनीच्या पगारावर असलेला, प्रॅक्टिस न करणारा कायदा-पदवीधर अधिकारी कंपनीतर्फे उभा राहू शकतो.

हे दुसरं दार कोणाच्या उपयोगाचं, हे उघड आहे. कंपनीकडे कायदा शिकलेला पर्सोनेल मॅनेजर असतोच. त्याला कोणाची संमती मागावी लागत नाही. चटई कारखान्यातल्या किंवा डाळ मिलमधल्या कामगाराला मात्र आपला वकील आणायचा तर समोरच्याचा होकार लागतो. नियम दोघांना सारखा असला, तरी त्याचं ओझं दोघांवर सारखं पडत नाही.

म्हणून इथल्या बऱ्याच वकिलांनी पहिलं दार धरलं. युनियनचं उपाध्यक्षपद किंवा सल्लागार-चिटणीसपद घ्यायचं आणि मग उभं राहायचं. यातही दोन अडचणी आहेत. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे प्रॅक्टिस करणाऱ्याला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे युनियनचा पूर्णवेळ पगारी कार्यकर्ता व्हायचं तर सनद बाजूला ठेवावी लागते. दुसरं म्हणजे 2001ची कामगार संघ कायद्यातली दुरुस्ती. संघटित उद्योगात बाहेरचे पदाधिकारी एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जो आकडा कमी असेल त्याहून जास्त नकोत. युनियनमध्ये बाहेरच्याच्या खुर्च्या मोजक्या असतात आणि त्यावर जुनी माणसं आधीच बसलेली असतात. नवख्याला तिथे जागा मिळायची म्हणजे आधी गेटसभांना जावं लागतं, मागणीपत्रं लिहून द्यावी लागतात.

खरी मोकळीक आणली ती 1971च्या राज्य कायद्याने, जो 1975 साली अमलात आला. कामगारांच्या तोंडी त्याचं नाव ‘पल्प’, इंग्रजी नावातल्या ‘अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध’ या भागाचं लघुरूप. अनुचित कामगार प्रथेविरुद्ध 90 दिवसांत थेट न्यायालयात तक्रार करता येऊ लागली. सरकारने वाद सोपवण्याची वाट पाहायची गरज उरली नाही. वर्षानुवर्षं बदली कामगार म्हणून (दुसऱ्याच्या जागेवर) किंवा रोजंदारीवर ठेवून कायम न करणं, ही या कायद्यात अनुचित प्रथा ठरली. अंतरिम आदेशही मिळू लागला. एसटीच्या वाहकांची बडतर्फी, नगरपालिकांचे रोजंदार, साखर कारखान्यांचे हंगामी कामगार यांची कामं येऊ लागली. वरची दाद मागायला मुंबईऐवजी औरंगाबाद खंडपीठ झालं आणि तारखेचा प्रवास निम्म्यावर आला.

पण 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीच्या खटल्यात ठरवलं की, मालक-नोकर नातंच वादात असेल तर कंत्राटी कामगाराची पल्पखालची तक्रार टिकत नाही. तोवर गिरण्या बंद पडल्या होत्या आणि एमआयडीसीत कंत्राटी भरती वाढत होती. आजच्या फाइलमध्ये त्यामुळे गेटपास कंपनीचा, पीएफची नोंद कंत्राटदाराच्या नावावर, हजेरी कार्ड दुसऱ्याच कंत्राटदाराचं आणि पगार रोखीने, असं दिसतं. सलग नोकरी धरली जाण्यासाठी वर्षात 240 दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा असतो. वकिलाचे सुरुवातीचे महिने हे कागद जुळवण्यात जातात, आणि हे कौशल्य महाविद्यालयात कोणी शिकवत नाही.

भुसावळचं गणित वेगळं, कारण रेल्वे आणि आयुध निर्माणी केंद्राच्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षाच्या बोलीवर ठरणारा शेतमजूर, म्हणजे सालदार, तर या न्यायालयांच्या पायरीपर्यंत क्वचितच पोहोचला, आणि खान्देशात मजुरांचा मोठा वर्ग शेतावरचाच आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. 1947चा कायदा तीत विलीन झाला. न्यायाधिकरणावर न्यायिक सदस्यासोबत प्रशासकीय सदस्यही बसणार आहे. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकाऱ्याला तो हाती घेता येत नाही. जुन्या कायद्यात बडतर्फ कामगाराला थेट दाद मागायला तीन वर्षं होती. वकिलासाठी संमतीची अट मात्र नव्या संहितेतही तशीच आहे.