ग्रीन बिल्डिंगचा वाढीव एफएसआय: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

सोसायटी पुनर्विकासाला निघाली की बिल्डरच्या प्रस्तावात ‘ग्रीन बिल्डिंग एफएसआय’ अशी एक ओळ बऱ्याचदा असते. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं, तो निर्देशांक. समितीने या ओळीमागचा नियम नीट समजून घ्यायला हवा. हे जादा क्षेत्र पर्यावरणपूरक बांधकामाच्या हमीवर मिळतं, आणि ती हमी पाळली गेली नाही तर उन्हाळ्यात तापलेल्या घरात सभासदांनाच राहावं लागतं.

महाराष्ट्राच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआर 2020 मध्ये, ही सवलत आहे. ग्रिहा आणि आयजीबीसी ही हरित इमारतींना दिली जाणारी मानांकनं. ग्रिहा तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हर मानांकनाला मूळ एफएसआयच्या 3 टक्के, चार तारे किंवा गोल्डला 5 टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनमला 7 टक्के. मूळ एफएसआयनुसार 2,200 चौरस मीटर बांधकाम बसत असेल, तर गोल्डवर 110 चौरस मीटर जादा मिळतात. टक्केवारी मूळ एफएसआयवर काढतात, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला विकास हक्क) आणि प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा एफएसआय) धरून होणाऱ्या एकूण बांधकामावर नाही. प्रस्तावातला आकडा तपासताना नेमकं हेच पाहा. बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत ही नियमावली लागू नाही. ग्रिहाच्या मुख्य मानांकनाला 2,500 चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम लागतं, त्यामुळे लहान सोसायटीने आपण कोणत्या मानांकनात बसतो हे वास्तुविशारदाकडून आधीच विचारून घ्यावं.

क्रम असा: मानांकन संस्थेकडे प्रकल्पाची नोंदणी, तिच्याकडून पूर्वप्रमाणपत्र (आराखड्यावरून दिलेलं तात्पुरतं मानांकन), ते जोडून बांधकाम परवानगीचा प्रस्ताव, आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अंतिम मानांकन. पूर्वप्रमाणपत्राशिवाय वाढीव एफएसआय मिळत नाही. म्हणूनच भिंत कशाची, गच्चीवर कोणता थर, पश्चिमेला किती काच, हे सगळं नकाशा दाखल होण्यापूर्वीच ठरायला हवं.

परवानगीसाठी मिळकत पत्रिका किंवा सातबारा, नकाशे, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आणि विकसन करारनामा ही नेहमीची कागदपत्रं असतातच. मानांकनाची फाइल वेगळी. तीत दिशा दाखवणारा नकाशा, भिंतीचे व गच्चीचे छेद, खिडक्यांचा तक्ता, काचेची तांत्रिक माहिती, उष्णतारोधक साहित्याचे चाचणी अहवाल आणि एसी किंवा पंख्यांच्या स्टार लेबलचा पुरावा येतो. काम चालू असतानाचे फोटो आणि खरेदीची बिलंही जपून ठेवावी लागतात. गच्चीवरचा थर फरशीखाली गेला की नंतर कोणालाच दिसत नाही; त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

गच्चीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण वरच्या मजल्याचा बहुतेक त्रास तिथूनच येतो. केंद्राच्या इको निवास संहितेत, म्हणजे निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत, छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत शिरते याचं माप, जास्तीत जास्त 1.2 धरला आहे. नुसता काँक्रीटचा स्लॅब यात अजिबात बसत नाही. जलरोधक थराबरोबर एक्सपीएस किंवा पीयूएफ या उष्णतारोधक फोमचा थर आणि वर पांढरी, ऊन परतवणारी फरशी असेल, तर तो आकडा गाठता येतो. भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी हीच संहिता आरईटीव्ही हे माप वापरते. थंड हवामानाचे प्रदेश सोडून सगळीकडे त्याची मर्यादा चौरस मीटरला 15 वॅट आहे. एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आणि खिडकीवरचा पुरेसा छज्जा यांनी तिथे मोठा फरक पडतो. वास्तुविशारदाकडे या दोन आकड्यांची लेखी आकडेमोड मागा. ती मागण्याचा सभासदांना पूर्ण हक्क आहे, आणि मानांकनाचे गुण पाणी, कचरा, झाडं अशा इतर बाबींवरूनही जमत असल्यामुळे फक्त ताऱ्यांवरून घर किती तापेल हे कळत नाही.

कबूल केलेलं मानांकन अखेरीस मिळालं नाही, तर न मिळालेल्या मानांकनापुरत्या वाढीव एफएसआयवर रेडीरेकनरच्या (सरकारी मूल्यदर तक्त्याच्या) जमीनदराच्या दुप्पट दंड आहे. तो विकासकाने भरायचा आणि त्यासाठी भोगवटा प्रमाणपत्र अडकलं तर तेवढ्या काळाचं भाडंही त्यानेच द्यायचं, अशी दोन कलमं करारनाम्यात घालून घ्या.