निमंत्रित स्क्वॉश स्पर्धेत नाव द्यायचंय? क्लबमार्फत अर्ज असा करा

निमंत्रितांच्या स्पर्धेला खेळाडू परस्पर अर्ज करत नाही. आयोजक क्लबला पत्र पाठवतात, क्लब आपल्या खेळाडूंची यादी कळवतो आणि त्या यादीतून ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, निघतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या खेळाडूंनी हे आधी पक्कं लक्षात घ्यावं, कारण हातात खेळ असूनही नाव राहून जातं ते सचिवांच्या टेबलावर. पत्र आलं का, हे दर आठवड्याला जाऊन विचारा. त्यात संकोच कसला?

पात्रतेची पहिली अट म्हणजे निमंत्रित क्लबचं चालू वर्षाचं सभासदत्व. वर्गणी थकली असेल तर नाव पुढे जातच नाही. काही आयोजक सभासदत्व ठरावीक महिने जुनं असावं असंही घालतात. स्पर्धेपुरता बाहेरचा तगडा खेळाडू आणून उभा करू नये म्हणून ही अट आहे, आणि ती योग्यच आहे. दोन क्लबांचे सभासद असाल तर एकाच क्लबकडून नाव द्या; दोन्ही याद्यांत सापडलं तर दोन्हीकडून कटू शकतं. पगारी प्रशिक्षकांना अशा स्पर्धेतून बहुधा वगळतात, त्यामुळे आयोजकांच्या नियमपत्रकातली ती ओळ नीट वाचा. राष्ट्रीय महासंघाच्या मानांकन स्पर्धांना महासंघाची नोंदणी लागते, क्लबांच्या आपसातल्या स्पर्धेला सहसा लागत नाही.

मुलांचे गट साधारण 11, 13, 15, 17 आणि 19 वर्षांखालील असे असतात. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते पत्रकात दिलेलं असतं. स्पर्धेच्या दिवशीचं वय धरून अर्ज भरला की गट चुकतो.

कागद असे लागतात: क्लबच्या लेटरहेडवर सचिवांच्या सही-शिक्क्याचं शिफारसपत्र, सभासदत्वाची चालू पावती, ओळखपत्राची प्रत, दोन फोटो आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली द्या, तेवढी पुरते. वयोगटात खेळणाऱ्यांनी जन्मदाखला जोडावा. अठराखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र हवं, त्यावर स्पर्धेदरम्यान लागेल तो मोबाईल नंबर लिहा.

तंदुरुस्तीच्या दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि ताजी तारीख हवी. स्क्वॉशमध्ये हृदयाचे ठोके फार वर जातात आणि बराच वेळ तसेच राहतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी दाखल्यापुरतं न जाता ईसीजीही काढून घ्यावा, ही आमची कळकळीची विनंती.

अर्जात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्याकडे एका ड्रॉमध्ये तीन तीन ‘आर. पाटील’ सहज निघतात. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, पुढे क्लब आणि गाव लिहा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि पावती जुन्या नावाची असेल, तर सचिवांकडून शिफारसपत्रात एक ओळ घालून घ्या. दुसरा घोळ पैशांचा. यूपीआयने प्रवेश शुल्क भरलं की बारा अंकी व्यवहार क्रमांक अर्जात उतरवा. क्लबने सगळ्यांचं एकत्र भरलं असेल तर सोबत कोणाकोणाचं ते लिहून द्या, नाहीतर एकाच्या नावावर जमा आणि बाकीचे थकबाकीत दिसतात.

मागच्या निकालांचा रकाना रिकामा सोडू नका. तगडे खेळाडू ड्रॉमध्ये एकमेकांपासून लांब ठेवणारं मानांकन त्यावरूनच ठरतं. मोकळा सोडला तर गावातले दोन सगळ्यात चांगले खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर येतात आणि एकाची स्पर्धा तिथंच संपते. सोपा सामना मिळावा म्हणून निकाल लपवणं तर समोरच्यावर सरळ अन्याय आहे.

अर्जाची मुदत का ताणत नाहीत, हेही समजून घ्या. सोळा जणांच्या ड्रॉमध्ये 15 सामने होतात. पहिल्या फेरीत हरलेल्या आठ जणांची प्लेट फेरी धरली तर आणखी 7. एकच कोर्ट आणि सामन्याला 45 मिनिटं धरली तर साडेसोळा तास होतात, म्हणजे शनिवार-रविवार गच्च भरले. ड्रॉ निघाल्यावर एक नाव घालायचं तर सगळं वेळापत्रक विस्कटतं. येणं जमणार नसेल तर ड्रॉ निघायच्या आधी लेखी कळवा, राखीव यादीतल्या खेळाडूला जागा मिळेल.

पत्रकात चेंडू कोणता ते पाहा. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू सगळ्यात मंद. धुळ्यातल्या डिसेंबरच्या सकाळी तो गरम व्हायलाच वेळ लागतो. जळगावच्या मे महिन्यात बंद कोर्टवर तोच चेंडू उसळून मागच्या भिंतीवर जातो. सरावही त्याच चेंडूने, सामन्याच्या वेळेलाच करा.

बूट तपासणीत अडकतात. सोल पांढऱ्या फरशीवर जोरात घासून बघा. काळी रेघ उमटली तर तो बूट कोर्टवर चालणार नाही. मुलांसाठी डोळ्यांचा गार्ड घ्याच. चेंडू 40 मिलिमीटरचा, डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढा. नंबरचा साधा चष्मा त्यापुढे टिकत नाही, काच फुटली तर इजा वाढते.

सामन्याच्या अर्धा तास आधी मूळ कागद घेऊन नोंदणी टेबलावर हजर व्हा. पुकारा झाल्यावर किती मिनिटं थांबतात ते पत्रकात असतं, त्यानंतर वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच समोरचा विजयी. पुष्कळ स्पर्धांत सामना खेळलेल्यानेच पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचं असतं. सुरत-भुसावळ मार्गावरून नंदुरबार, अमळनेरला परतणाऱ्यांनी गाडीचं तिकीट काढताना तो एक तास धरावा.