डिस्क खरंच गेलीय की नुसती केबल? नवी डिस्क मागवायच्या आधी हे बघा

घरच्या स्टोरेज सर्व्हरवर पूल (अनेक डिस्क मिळून केलेला एक साठा) डिग्रेडेड, म्हणजे त्यातली एखादी डिस्क नीट चालत नाही असं दिसलं रे दिसलं की लोक नवी डिस्क ऑर्डर करून मोकळे होतात, आणि मग तीच डिस्क त्याच जुन्या केबलला लावतात आणि चार दिवसांनी तिच्यावरही एरर, मग नवी डिस्कच डिफेक्टिव्ह आली म्हणून परत. डिस्क मरणं आणि डिस्कपर्यंतची वाट खराब असणं (केबल, पॉवर, कंट्रोलर कार्ड, डिस्क ज्यात खोचतात ते बॅकप्लेन, सगळं त्यात आलं) वरून बघितलं तर सेम टू सेम दिसतं, दोन्हीत रीड एरर, दोन्हीत कॉपी मध्येच अडकते, दोन्हीत डिस्क अचानक गायब होते.

स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा हिशोब) काढा, पण वरची ती 'पास्ड' वाली ओळ मनावर घेऊ नका. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडली की नाही एवढंच ती सांगते, न वाचता येणारे सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) असलेल्या डिस्कसुद्धा आरामात पास होतात. बघायचा तो रॉ व्हॅल्यूचा, म्हणजे मूळ आकड्यांचा कॉलम. त्यातल्या ओळींना नंबर असतात: ५ नंबर म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले, १९८ म्हणजे ऑफलाइन तपासणीत न वाचलेले, हे तिन्ही डिस्कच्या आतलं दुखणं. १९९ मात्र वेगळा, तो सीआरसी एररचा काउंट, म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामध्ये डेटा जाताना बिघडला. तो वाढतोय आणि बाकी तिन्ही शून्य असतील तर पहिला संशय केबलवर. आणि हा आकडा परत शून्य होत नाही हां, केबल बदलल्यावरही ४३ चे ४३ च दिसणार, ते बघून घाबरू नका, लिहून ठेवा आणि आठवड्याने ४३ च आहे ना एवढं बघा. सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ समोर कोट्यवधींचे आकडे दिसतात, ते नॉर्मल आहे, तिथे दोन वेगळे काउंट एकाच आकड्यात भरलेले असतात.

कर्नल लॉगमध्येही (ऑपरेटिंग सिस्टीम एरर नोंदवते तिथे) हाच फरक दिसतो. यूएनसी लिहिलं असेल तर डिस्कला स्वतःलाच सेक्टर वाचता आला नाही. आयसीआरसी लिहिलं असेल किंवा लिंकचा स्पीड ६ वरून ३ आणि ३ वरून १.५ गिगाबिट असा उतरत चालला असेल तर वाट खराब.

आता खरी गोची पॉवरची. सप्लाय कमी पडत असेल किंवा एकाच वायरला स्प्लिटर लावून चार-पाच डिस्क टांगल्या असतील तर लिहिता लिहिता डिस्कची वीज क्षणभर जाते, सेक्टर अर्धवट लिहिला जातो आणि १९७ वाढतो, म्हणजे दोष वायरचा पण नाव डिस्कचं. अशा वेळी स्मार्टमधला १२ (पॉवर सायकल, म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली) आणि १९२ (वीज गेल्याने हेड किती वेळा मागे घेतलं) बघा, सर्व्हर तर बंद केलाच नव्हता आणि तरी पॉवर सायकलचा काउंट वाढलाय, तर मग डिस्कला कुठून तरी झटके बसतायत. अशा सेक्टरवर परत लिहिलं की बऱ्याचदा १९७ खाली येतो आणि ५ वाढतही नाही.

झेडएफएस (असे पूल सांभाळणारी फाइल सिस्टीम) वापरत असाल तर स्टेटसमध्ये रीड, राइट, चेकसम असे तीन कॉलम असतात. रीड एरर म्हणजे कुठेतरी कुणीतरी 'जमलं नाही' असं कबूल केलं. नुसता चेकसम वाढतोय आणि स्मार्ट स्वच्छ, म्हणजे चुकीचा डेटा गुपचूप हातात आला, तिथे केबल, कंट्रोलर नाहीतर रॅम. दोन-तीन डिस्कवर एकदम एरर आले तर सगळ्या एकाच वेळी मेल्या असं सहसा होत नाही, त्यांच्यात कॉमन काय आहे ते शोधा. सर्व्हरमधली एचबीए कार्डं (बऱ्याच डिस्क जोडायची कंट्रोलर कार्डं) रॅकच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात, घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांचा हीटसिंक हात लावू देत नाही इतका तापतो आणि नेमकं स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) चालू असताना डिस्क टपाटप गळतात. छोटा फॅन लावून बघा.

तरी कळत नसेल तर स्मार्टचीच लाँग सेल्फ टेस्ट. ही डिस्कच्या आतच चालते, तपासला जाणारा डेटा केबलवरून जात नाही, म्हणून रीड फेल्युअर आला तर केबलला दोष देता येत नाही. पास झाली आणि एरर चालूच राहिले तर बॅकअप घ्या, सर्व्हर बंद करा आणि चांगल्या डिस्कची केबल आणि पोर्ट संशयित डिस्कशी अदलाबदल करा. फक्त तेवढंच, पॉवरची वायर नंतर वेगळी, सगळं एकदम हलवलं तर काय बरं झालं ते कधीच कळणार नाही. डिस्क सिरियल नंबरवरून ओळखा, सिस्टीमने दिलेली एसडीए एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. एरर डिस्कच्या मागे मागे गेले तर डिस्क, जुन्या पोर्टवरच राहिले तर वाट.

पण १९७ आणि ५ दोन्ही रोज वाढतायत आणि लाँग टेस्टही फेल, तर केबलच्या नादी लागू नका, आधी डेटा बाहेर काढा. वॉरंटी असेल तर फेल झालेल्या टेस्टचा लॉग सेव्ह करून ठेवा, तिथे तोच दाखवायला कामी येतो.